दोरी जैतूनबीनं धरली

नळदुर्ग, ता. ४ ऑक्टोबर

ती. कल्याणप्पाअण्णांस,
शिवकांताचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

छपराचे पत्रे पोचले, बांबू पोचले, मंडपाचे जुने पडदेही पोचले. टेम्पोचं भाडं अठराशे. हमाली मात्र गल्लीतल्या पोरांनी वाचवली. बोरी नदीच्या पुरात घरं खचलेल्या मुसलमान कुटुंबांसाठी आमच्या माळावर खोल्या उभ्या राहिल्या. शाळेच्या एका हॉलात आडपडद्याविना बायकांना लई अवघड होत होतं. आता दर घराला वेगळी खोली, मोरी आतल्या अंगाला. संडासांची रांग मी स्वतः आखली. उजेड यावा म्हणून तोंडं उगवतीला.

पण बाया तिकडं फिरकत न्हाईत. अंधार पडला की ओढ्याकाठी जातात. त्यांच्यातल्या जैतूनबीची सून नाजमीन, दिवस भरत आलेली, काल तिथं घसरली. महादेवाच्या कृपेनं वाचली. आता जैतूनबी पडक्या घरी परत निघालीय, आणि तिथली भिंत कधी खचून बसेल सांगता येत नाही. कारण विचारलं तर "तुमी लई केलं" एवढंच म्हणते. माझं काय चुकलं? फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून लिहिते.

तुमची धाकटी बहीण,
शिवकांता

सोलापूर, ता. ७ ऑक्टोबर

चि. सौ. शिवकांतास अनेक आशीर्वाद.

कान गेलेत, डोकं शाबूत आहे. उरुसाचे मंडप घालण्यात माझा जन्म गेला. ते लोक मावळतीकडं तोंड करून नमाज पढतात. तिकडं तोंड किंवा पाठ करून शौचाला बसत नाहीत. संडासाची भांडी उत्तर-दक्षिण बसव. आपली आईसुद्धा सूर्याकडं तोंड करून बसू द्यायची नाही. मॅट्रिक झालीस आणि तेवढं विसरलीस? तरी माझ्या भरवशावर राहू नको, त्या बाईलाच विचार.

तुझा अण्णा

नळदुर्ग, ता. १६ ऑक्टोबर

ती. अण्णांस,
कृ. सा. न. वि. वि.

पत्र मिळताच जैतूनबीकडं गेले. ती गाठोडं बांधत होती. तुमचं म्हणणं सांगितलं, तर खाली बघून म्हणाली, "बाई, दिलेल्या घराला नावं कशी ठेवायची?" मी म्हटलं, नावं ठेवा, पण जाऊ नका.

मग आखणीची दोरी तिनंच धरली. सगळी रांग उकलून नव्यानं बसवली, मी सिमेंट कालवून दिलं. वर मला सुनावलं की संडासाचा पडदाही हातभर आखूड आहे. मंगळवारी त्यांची ती भिंत बसली. आत कुणी नव्हतं. नाजमीन माझ्या माळावर निजली होती.

काल तलाठी बघायला आले. आखणी कुणाची विचारलं, तर मी जैतूनबीला पुढं केलं. पदर सावरून ती अशी बोलली की ते नुसते लिहीत राहिले. आता नदीपलीकडच्या गावात खोल्या घालायच्यात, आणि पहिला बांबू रोवायच्या आधी तिला बोलावलंय. माणसं तुमचीच येणार. मात्र बाईमाणसाचं ऐकून खड्डा खणेल असा मुकादम हवा. कोण पाठवता ते उलट टपाली कळवा. माया आहेच, ती अशीच असू द्या.

तुमची,
शिवकांता