दहाच्या जागी नऊ

३ एप्रिल
मथुराआत्याच्या आंब्याच्या शेडमध्ये माझं लेबल मशीन आजपासून सुरू. खोकं काट्यावर ठेवायचं, वजनाचं लेबल आपोआप छापून येतं. माकडालाही जमेल, म्हणजे आत्याच्या सर्वेशलाही जमायला हरकत नाही. सीझनभर चाललं तर आजूबाजूच्या सगळ्या शेड माझ्या. नाहीतर परत अंधेरीचं ऑफिस, आणि निघताना साहेबाला जे बोललो ते मागे घेणं. घेणार नाही.

४ एप्रिल
सर्वेशचा फोन. म्हणे, दहा किलोच्या काही खोक्यांवर मशीन नऊ छापतं. मशीन माझं, म्हणजे चूक त्याची. काटा पुसायला सांगितलं.

५ एप्रिल
काटा पुसला, तरी नऊ. खोकी भरणाऱ्या बायका खोकं तिरकं ठेवत असणार. शेडमध्ये जाऊन सरळ कसं ठेवतात ते सगळ्यांना दाखवलं. त्यावरही नऊ आलं. त्यातली गंगुबाई हसली. शिस्त म्हणून नाही या लोकांना.

७ एप्रिल, सकाळी
खाऱ्या हवेने प्रिंटर बिघडतो, असं आत्याला समजावलं. ती म्हणे, मग ती हवा दहाच्या खोक्यालाच बरी धरते? अशा प्रश्नांना उत्तर देत नाही.

८ एप्रिल
माझा कोड तपासला. निर्दोष. वाचताना एके ठिकाणी भरून आलं. म्हणजे चूक त्याच्या खाली, सी लँग्वेजच्या लायब्ररीत, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या आयत्या कोडमध्ये. अंधेरीचा साहेब दर महिन्याला लायब्ररी अपडेट करायला लावायचा. घाबरट. मी अपडेट करत नाही. तत्त्व आहे.

१० एप्रिल, दुपारी
सापडली! काट्यावर वजन ९.९६. दशांशाचा एकच आकडा छापायचा, म्हणजे १०.० यायला हवं. ही लायब्ररी शून्य लिहिते आणि हातचा एक घ्यायचाच विसरते. म्हणून ९.०. दुसरीतलं पोर हातचा घेतं, या जगप्रसिद्ध विद्वानांना येत नाही! लायब्ररीवाल्यांना कडक ईमेल, सोबत माझी दुरुस्ती. श्रेय देताना चूक नको म्हणून माझ्या नावाचं स्पेलिंग दोनदा.

११ एप्रिल
उत्तर नाही. शरमले असतील. रत्नागिरीत सत्कार झालाच तर नारळ घेईन. शाल नको, उकाडा आहे.

१२ एप्रिल
उत्तर आलं. एक ओळ. ही चूक दोन वर्षांपूर्वीच काढली आहे, कृपया अपडेट करा. उद्धट लोक.
संध्याकाळी अपडेट केलं. केवळ त्यांनी काम नीट केलंय का ते बघायला.

१३ एप्रिल
९.९६ ला १०.० छापलं. आत्याला मुद्दाम उभं करून दाखवलं. तिने काट्याचा आकडा बघितला, लेबल बघितलं. म्हणे, मेल्या, खोक्यात दहा नाय नि वर दहा लिवतोस?
राउंडिंग समजावलं. म्हणे, ती लबाडी तुझ्या अंधेरीत कर.
मग कळलं ते असं. नऊ छापून आलं की बायका, वजन कमी भरलं तर वर एक, या रिवाजाप्रमाणे आंबा घालायच्या. खोकं दहाच्या वर जायचं, परत काट्यावर ठेवलं की लेबल बरोबर यायचं. वाशीचा दलाल इतका खूश की, सगळा माल मलाच पाठवा म्हणतोय. आत्या म्हणे, मशीन होतं तसं करून दे, नायतर उचल.
लायब्ररीवाल्यांना हे कळवणार नाही.

१५ एप्रिल
जुनी लायब्ररी परत टाकली. मी अपडेट करत नाही. तत्त्व आहे.
पहिलंच खोकं ९.९६. लेबल ९.०. गंगुबाईने वर एक आंबा घातला.
आत्या खूश. म्हणे, आता कसं नीट चालतंय. नि मग इतके दिवस काय करीत होतास?