एकाच वाडग्यातला चहा

ख्राइस्टचर्च, २००६

भानुदासदादा, जयभीम.

काल सूनबाई श्रद्धा मला रिकार्टनला जपानी चहाला घेऊन गेली. म्हणे, "बाबा, यांनी चहात बुद्धाचा धम्म जपलाय." कसला धम्म! मला गुडघे मोडून बसवलं. एक बाई अर्धा तास स्वच्छच भांडी पुसत बसली आणि मग शेवाळासारखा हिरवा, कडू लगदा पुढे आला. दूध नाही, साखर नाही. ह्याला चहा म्हणतात आणि वर वाकून नमस्कार करतात!

वाडगा सगळ्यांत एकच. प्यायचं, आपली कड पुसायची आणि पुढे द्यायचा. मी पुसायचं विसरलो.

"बाबा, पुसा ना!" श्रद्धा कुजबुजली.

तोवर वाडगा शेजारच्या गोऱ्या म्हातारीच्या हातात. गावच्या हॉटेलाबाहेर खुंटीला टांगलेला आपला वेगळा कप आठवला. तो फोडलास म्हणून तू मार खाल्लास, तोही आठवला. वाटलं, आता ही तोंड वाकडं करणार.

तिनं मी प्यायलो होतो त्याच कडेला ओठ लावले आणि सावकाश प्यायली.

चहा भिकार तो भिकारच. पण दादा, तू जिवंत असतास तर तुला तो प्यायला लावला असता.

तुझा धाकटा,
केरू