हनुवटीचे केस अब्रूने काढून मिळतील

३ मार्च
आजपासून जाहिरात. पोरगा म्हणतो, महिनाअखेरपर्यंत तुझा धंदा वाढला नाही तर पुढची खोली सूनबाईच्या शिकवणीला, तुझी खाट स्वयंपाकघरात. म्हटलं, बघच. या वस्तीत चाळिशी उलटलेली निम्मी बायकामंडळी दाढी घेऊन हिंडतात, आणि दोऱ्याने ती काढणारी मी एकटी. पण येतात मागच्या दाराने, तोंडाला रुमाल लावून. हा काय धंदा झाला?

५ मार्च
पुढच्या दारावर पाटी. सूनबाई म्हणाली, आई, 'फेशियल हेअर' लिहा, बरं दिसतं. म्हटलं, पाटी मलाही वाचता आली पाहिजे. खुर्ची खिडकीत ठेवली, रस्त्यावरच्यांना काम दिसतं. मागच्या दाराला कडी. आता सगळा कारभार उजळ माथ्याने.

९ मार्च
कुणी नाही. हवा खराब आहे.

१२ मार्च
नात म्हणाली, आजी, लोकांना रिव्ह्यू लागतात. तिच्याकडून कागद छापून घेतला. समाधानी गिऱ्हाईकं: शाळेच्या हेडबाई, दर पंधरा दिवसांनी. बँकेतल्या कॅशियरबाई. डॉक्टरांच्या सासूबाई, मिशीसकट. नाव एकीचंही घातलं नाही. अब्रू म्हणजे अब्रू. शिवाय वस्तीत शाळा एकच, त्यामुळे खोटं आहे असं कुणी म्हणू शकत नाही.

१५ मार्च
दूधकेंद्र, बेकरी आणि दवाखान्याच्या फाटकावर कागद चिकटवले. बेकरीपुढे गर्दी. हसत होते. म्हणजे आवडलं.

१७ मार्च
हेडबाई भर सकाळी, पुढच्या दाराने! जाहिरात लागू पडली. खुर्ची पुसून दिली, तर बसेनात. म्हणाल्या, "आजी, काल भर वर्गात एका पोरीनं विचारलं, बाई, आज कितवा दिवस?"
म्हटलं, "मग सांगायचं होतं, अकरावा."
तोंड फिरवून गेल्या. एवढ्या शिकलेल्या, पण साधे दिवस मोजता येत नाहीत.

२४ मार्च
डॉक्टरांच्या सासूबाई मला बघून पलीकडच्या फुटपाथवर गेल्या. लांबूनही केस दिसले मला, वाढलेत. नुकसान त्यांचंच. मागच्या दाराची कडी काढून ठेवली. वारा यावा म्हणून.

२८ मार्च
सूनबाईने बातमी आणली, तिघी मिळून बसने दुसऱ्या गावच्या पार्लरला जातात. जाऊ देत. मीच ओळख करून दिली म्हणायची, आधी एकमेकींशी बोलत नव्हत्या.

३१ मार्च
खोली मीच देऊन टाकली. पोरगा आणि सूनबाई खाट उचलत होते तेव्हा स्पष्ट सांगितलं, घ्या.
संध्याकाळी एक गिऱ्हाईक आलं. रिटायर्ड पोस्टमास्तर. शिकवणीच्या पोरांमधून वाट काढत, हातात माझा कागद. कानातले केस काढाल का, म्हणून ओरडूनच विचारलं, त्यांना कमी ऐकू येतं. म्हणाले, हवं तर माझा फोटोही छापा. गॅसशेजारी स्टुलावर बसवलं, खाटेवर बसून दोन्ही कान साफ केले.
पोराला म्हटलं, "बघ, वाढला की नाही धंदा?"
तो म्हणाला, "आई, पाय वर घे. खाट फ्रिजमागे सरकवायचीय."