बोट लागलेलं तांबं

दादा, तुम्हाला जाऊन आता वीस वर्षं होत आली. आज सकाळी मशीनमध्ये ठेवायचा तांब्याचा तुकडा एका विद्यार्थिनीने नुसत्या हाताने उचलला आणि मी तिच्यावर खेकसले. ती बिचारी कावरीबावरी झाली. मग दिवसभर तुमच्याशीच बोलतेय.

देवळाली कॅम्पच्या बाजारातलं आपलं कल्हईचं दुकान. तुमची ही लेक आठवीत असेल. एका फौजीच्या घरचं तांब्याचं पातेलं तुम्ही घासून लख्ख करून ठेवलंय, आणि मी त्यात तोंड बघायला ते उचलते. "ठेव खाली. बोट लागलं तिथं कथील धरत नाय." गिऱ्हाईक समोर असताना ओरडलात म्हणून मी रुसते. तुम्ही माझ्याकडे बघतही नाही, पातेलं पुन्हा पहिल्यापासून घासायला घेता.

पुढे पुण्यात संशोधनाला लागले. काम ऐकायला मोठं, करायला तुमचंच. हवा काढून घेतलेल्या पेटीत तांब्याचा तुकडा ठेवायचा, त्यावर रेणूंची वाफ सोडायची, थोडी ऊब द्यायची. मग रेणू आपले आपण सरकतात, तांब्यातलेच सुटे अणू मध्ये येऊन त्यांना जोडतात आणि जाळी तयार होते. कुणी विणत नाही, दादा. पण माझी जाळी काही केल्या जमेना. चार महिने सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर नुसते गचाळ ठिपके. गाईड वैतागले. मग एका दुपारी ते पातेलं आठवलं. घाईपायी मी तुकडा साफ करायच्या फेऱ्या निम्म्यावर आणल्या होत्या. आठवडाभर दुसरं काही केलं नाही, फक्त साफ करत बसले. जाळी आली.

लॅबमधूनच तुम्हाला फोन लावला. "काम जमलं, दादा."

"कशाचं काम? सांग तरी."

"तुम्हाला नाही कळणार."

"बरं. जेवलीस का?"

महिन्याभरात तुम्ही गेलात. त्या 'बरं'नं अजून जीव तुटतो.

हे पत्र कुठे टाकणार? पुण्याला येताना तुम्ही दिलेल्या तांब्याच्या गडव्यात घडी करून ठेवते. एवढंच कबूल करायचं होतं. तुम्हाला कळलं असतं, गाईडच्याही आधी कळलं असतं, आणि हे मला तेव्हाही माहीत होतं. पण लॅबमधली मुलं शेजारी उभी होती, आणि त्यांच्यासमोर मला कल्हईचं नाव काढायचं नव्हतं.