धाकटी बहीण पटत नाही

मिलोयका,

आमच्या प्तुय गावच्या लेखक मंडळात टीका संपेपर्यंत वाचणाऱ्याने तोंड उघडायचं नाही, असा नियम आहे. काल मी आपल्या आईवरची कथा वाचली. बोगोमिर, निवृत्त दंतवैद्य, अक्रोडाच्या पोतित्सा केकचा तुकडा चघळत म्हणाला, "व्लास्ताबाई, ही धाकटी बहीण काही पटत नाही. आई अंथरुणाला खिळलीय आणि ही ग्राझहून येत नाही? तासाभराचा तर रस्ता! शेवटी आणा की तिला घरी."

नियम मोडून मी म्हणाले, "तिला फार काम असतं हो."

तुझी बाजू घेतली मी! संताप येतो तो याच गोष्टीचा. आई हल्ली मलाच मिलोयका म्हणून हाक मारते, आणि मी ओ देते. कथेत तुला आणणार नाही, हे पत्रही पेटीत टाकणार नाही. यायचं तर न बोलावता ये.

व्लास्ता