दोन्हीकडे वरपक्ष

अण्णा, काल आमच्याकडे लग्नाची बैठक झाली. दोन मुलांच्या लग्नाची, म्हणजे नवराही पुरुष आणि दुसरा नवराही पुरुष. तुम्ही जिवंत असतात तर हे वाक्य पुरं व्हायच्या आत पानाचं तबक सारून उठला असतात. आता उठायची सोय नाही, तेव्हा ऐकून घ्या.

तुम्ही गिरणीत कारकून होता, पण तुमचा मान होता तो बैठकीतला. अर्ध्या सोलापुरातली लग्नं तुम्ही जमवलीत आणि त्यांच्या सुपाऱ्या फोडल्यात. मी लहानपणापासून तुमच्याबरोबर यायचे. चार माणसांत बोलायचं कसं, हे तिथंच शिकले. मुलाकडच्यांना गादी नि तक्के, मुलीकडच्यांना समोर सतरंजी, हा तुमचा नियम. एकदा मैंदर्गीचे एक म्हातारे, मुलीचे वडील, पाठ दुखते म्हणून अवघडून बसले होते. मी एक तक्क्या त्यांच्या पाठीशी लावला. तुम्ही उठून तो काढून घेतलात आणि सगळ्यांदेखत मला म्हणालात, "मुलीच्या बापाची पाठ वाकलेलीच असते. तिला टेकू लागत नाही." गादीवरचे हसले. ते म्हातारेही हसले, अण्णा. त्या हसण्याची मला आजही किळस येते, आणि तुम्ही त्याला रीत म्हणत होता.

पुढे एका दुपारी तुम्ही स्वयंपाकघरात भुईमुगाच्या शेंगा सोलत बसला आहात आणि मी सांगते आहे की माझ्यासाठी मुलगा बघू नका, ज्या मैत्रिणीबरोबर मी राहते तिच्याबरोबरच मला जन्म काढायचा आहे. तुम्ही ओरडत नाही. दाणे तोंडात टाकता, चावून संपवता आणि म्हणता, "असल्यांची बैठक बसत नसते." मरेपर्यंत तुम्ही तो विषय पुन्हा काढला नाहीत.

तर बसते. न्यायालयानं आमच्यासारख्यांचं लग्न संसदेकडे टोलवलं आणि संसदेला सवड नाही, म्हणून आम्ही चौघीजणी गल्लीबोळांतून फिरतो. चौकात मी भाषण करते, मग ज्या घराचं दार उघडेल तिथे चहा पितो, आणि दोन्ही घरं राजी झाली की बैठक बसवतो. कायद्याच्या लेखी तिची किंमत कवडीची नाही. पण ज्या बापानं पोराला हाकललं, त्याच्यासमोर चार माणसांत सुपारी फुटली की तो पोराला गावात उजळ माथ्यानं घेऊन जातो. कायदा येईल तेव्हा त्याला उभं राहायला जमीन तरी असेल.

कालच्या जोडीतला एक मोडनिंबचा, एक इथलाच. मोडनिंबच्या मुलाला घर सुटून बरीच वर्षं झालेली. बैठक रीतसर झाली तर दोघांना घरी नेतो, फिसकटली तर पुन्हा नाव काढायचं नाही, असं त्याचा बाप बजावून आला होता. आणि खोली लावताना मी काय केलं? सवयीनं एका बाजूला गादी-तक्के मांडले, समोर सतरंजी अंथरली. तुमचीच मुलगी. आधी मोडनिंबकर आले, ते गादीवर बसले. मग इथले आले, तेही गादीवरच बसले. मांडीला मांडी घासत दोन्ही घरं एकाच गादीवर, आणि समोर रिकामी सतरंजी. पाणी कुणी कुणाला विचारेना, कारण पाणी मुलीकडच्यांनी विचारायचं. बऱ्याच वेळानं मोडनिंबच्या बापानं मला विचारलं, "पोरीकडची मान्सं कुटं हायती?"

मला हसू आलं नाही. पोरानं पुरुषाशी संसार मांडला, हे दोघांनी गिळलं होतं. मुलीचा बाप ठरणं मात्र घशाखाली उतरत नव्हतं. इथल्या बापानं आपला मुलगा वयानं मोठा असल्याचं सांगितलं, मोडनिंबच्यानं आपला जास्त कमावता असल्याचं, आणि मग दोघांनी मिळून मलाच विचारलं की तुम्ही शिकलेल्या आहात, ह्यातला नवरा कोण ते तुम्हीच ठरवा. मी बोलले. मान मिळवायला ज्यांना वाकलेली एक पाठ लागतेच, आणि बाई सापडली नाही तर जे दुसऱ्याच्या पोराला बाई करायला निघतात, त्यांना आपल्याकडे वरपक्ष म्हणतात, असं तोंडावर सुनावलं. सभेत याला टाळ्या पडल्या असत्या. इथे मोडनिंबचा बाप उठून चपला शोधू लागला. त्याचा मुलगा दारात उभा होता. त्याचा चेहरा दिसला आणि पुढचं सगळं वक्तृत्व मी आवरलं.

तेव्हा त्याची आई उठली. सतरंजीवर जाऊन एकटी बसली, पदर सारखा केला आणि विहिणीला म्हणाली, "तुमी बी या की हिकडं. तितं लई दाटी हाय, आन् पोरांचं बघायचं तर आपल्यालाच हाय."

इथली आई गेली. मुलं गेली, मामा-काका गेले. मोडनिंबच्या बापानं एक चप्पल पायात घातली होती, तीही काढून तो बायकोशेजारी येऊन बसला. इथला बाप मात्र शेवटपर्यंत अख्ख्या गादीवर एकटा, तक्क्याला टेकून. दोघी विहिणींनी सुपारी फोडली तेव्हा तो भिंतीकडे बघत होता. अगदी तुमची ढब. इतका मोठा मान आणि तो द्यायला समोर कुणी नाही. त्याच्याइतका हास्यास्पद माणूस मी अलीकडे पाहिलेला नाही. मोडनिंबचा मुलगा संध्याकाळी आईबापांबरोबर एसटीनं घरी गेला. जोडीदाराला घेऊन.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक लिहिते. तुम्हा दोघींची बैठक का नाही, असं लोक विचारतात तेव्हा मी सांगते की कायदा होईपर्यंत आम्ही सुपारी फोडणार नाही. टाळ्या पडतात. माझी मैत्रीणही माझ्याकडे बघून मान डोलावते. कारण ते नाही. तिच्याकडचे सगळे यायला तयार आहेत. तुझ्याकडून कोण बसणार, असं तिनं विचारलं की मी विषय बदलते. तुमच्या जागी दुसऱ्या कुणाला बसवायचं माझ्या जिवावर येतं, हे तिला अजून सांगितलेलं नाही.