याडीच्या कवड्या

याडी, माय माही,

हे पत्र मी धाडनार नाही, म्हनून तं लिहाची हिंमत झाली. ऊस तोडाले जाताना तू तुह्या लग्नाचा घागरा माह्यापाशी ठेवून गेली. त्याच्या कवड्या मी कापल्या.

इथं कारंज्यात माहा घरच्या केकाचा धंदा हाय; गल्लीतल्या ताजबीच्या नातीचं, कशिशचं, लग्न होतं. तिले समुद्राचा केक पाह्यजे होता. मी कदी समुद्र पाह्यला नाही. मोबाईलात पाहून बिस्किटाच्या भुग्याची रेती केली, निळ्या क्रीमच्या लाटा केल्या. शिंपले कुटंच भेटले नाही. मंग तुह्या कवड्या उकळून लावल्या.

समदे वा वा करून राह्यले होते. ताजबीनं एक कवडी उचलली, पुसली अन् म्हनली, "अगं, हिले तं मागून घासून भोक पाडलं हाय. तांड्यावरच्या कोन्या बंजारनीच्या घागऱ्याची हाय हे. तुले कुटं भेटली?"

माही पोरगी कडेवर होती. मी तांड्यावरची हाय म्हनलं तं उद्या माह्या हातचा केक कोन घेईन, असं भेव वाटलं. म्हनलो, "बजारातून आनल्या, नानी. मले काय माईत कोनाच्या."

काल तिनं बलावलं. कवड्या धुऊन रुमालात बांदून ठेवल्या होत्या. म्हनली, "ज्या बाईच्या हायेत तिले पाह्य बेटा. मी तिच्याच हातात देईन." मी मान हालवली अन् घरी आलो.

आता तू आली की तुले तिच्या दारात नेतो म्हनतो. पन याडी, तू माही कोन होय म्हनून सांगू तिले?

तुहीच,
संगीता